लेकराच्या मापाची खाट

मुंबईत, लालबागच्या गणेश गल्लीपासून हाकेच्या अंतरावर एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर माझी बहीण राहते. खोली दहा बाय बारा, मोरी त्यातच. तिची धाकटी मुलगी नऊ वर्षांची आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. मान थोडी धरते, आधार दिला तर बसते, पण आपली आपण कूस बदलता येत नाही. वजन १७ किलो, उंची ११२ सेंटिमीटर. गेल्या वर्षीपर्यंत ती जमिनीवर, कापसाच्या गादीवर झोपायची. रात्री तीनदा उठून तिला वळवायचं, दिवसातून दहा-बारा वेळा वाकून उचलायचं, असं आठ वर्षं चाललं आणि एका सकाळी बहिणीला ताठ उभंच राहता येईना.

भावोजींनी मग एका दुकानातून वापरलेला पलंग आणला. दोन हँडलचा, एक फिरवलं की पाठ उचलते, दुसरं फिरवलं की गुडघे. चाळीतल्या पोरांनी तो सुटा करून लाकडी जिन्यावरून वर चढवला. दुकानदार म्हणाला, "हॉस्पिटलचा माल आहे, बिनधास्त न्या." चौथ्या रात्री दोन वाजता बहीण सवयीने जागी झाली, तेव्हा भाचीचा एक पाय कठड्याच्या दोन दांड्यांमधून मांडीपर्यंत बाहेर गेला होता आणि कंबर दांड्यांना घासत होती. तिला मोठ्याने रडता येत नाही. किती वेळ ती तशी होती, कुणाला ठाऊक नाही.

त्या रात्रीनंतर मी या विषयाचं मिळेल ते वाचत गेले. पहिलीच गोष्ट वाचून अंगावर काटा आला. रुग्णालयातल्या पलंगांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात 'प्रौढ' कुणाला म्हणायचं हे वयावर ठरत नाही, मापावर ठरतं. उंची किमान १४६ सेंटिमीटर, वजन किमान ४० किलो आणि बॉडी मास इंडेक्स किमान १७. ही तिन्ही मापं ज्याची भरतात, त्याच्यासाठीच तो पलंग. आमची भाची एकाही मापात बसत नाही. सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंचे आजार असलेली कितीतरी मुलं पंधराव्या-सोळाव्या वर्षीही या मापांत बसत नाहीत. मोठ्यांच्या पलंगावरच्या काही मोकळ्या जागा १२० मिलिमीटरपर्यंत चालतात, कारण मोठ्या माणसाचं डोकं तेवढ्या फटीत शिरत नाही. मुलाचं मात्र आधी अंग शिरतं, आणि मग डोकं अडकतं. म्हणून मुलांच्या पलंगांच्या युरोपीय मानकात ही फट ६० मिलिमीटरच्या आसपास ठेवली आहे, जवळजवळ निम्मी. ब्रिटनच्या नियामक संस्थेने, एमएचआरएने, ऑगस्ट २०२३मध्ये पलंग आणि कठडे यांबद्दल देशभर सुरक्षेचा इशारा काढला. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत अशा साधनांशी संबंधित १८ मृत्यूंची नोंद तिच्याकडे आली होती. मुलं आणि वेगळ्या शरीररचनेची माणसं यांचा त्या इशाऱ्यात स्वतंत्र उल्लेख आहे.

तेव्हा दुकानात जाताना टेप घेऊनच जावं. दांड्यांमधली फट मोजावी, आणि गादी व कठडा यांच्यामधलीही. ही दुसरी फट गादी नवी असताना दिसत नाही. बाळाचं अंग कडेला आलं, फोम दबला, की उघडते. तिथे उशा कोंबणं हा उपाय नव्हे. उशी सरकते, आणि तोंडावर आलेली उशी स्वतःच्या हाताने बाजूला करता न येणाऱ्या मुलासाठी ती जिवावरची गोष्ट आहे. आणखी एक चूक घरोघरी होते. आधीच्या गादीवर हवेची गादी टाकतात, उंची चार-पाच इंचांनी वाढते आणि कठडा तेवढाच बुटका होतो.

आता गादी. इथे शास्त्र अगदी शाळेतलं आहे: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा २० किलोचं मूल उताणं झोपलंय. फळीसारख्या कडक पृष्ठभागावर ते डोक्याची मागची बाजू, खांद्याची हाडं, माकडहाडाचा भाग आणि टाचा, एवढ्यावरच टेकतं. हे सगळं मिळून ३०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर दाब येतो जवळपास ५० मिलिमीटर पारा. तेच मूल गादीत नीट रुतलं आणि २,००० चौरस सेंटिमीटरवर टेकलं, तर दाब साडेसातवर उतरतो. मूल तेच, वजन तेच. यूजीन लँडिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३० साली माणसाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांतला दाब मोजला, तो धमनीकडच्या टोकाला सुमारे ३२ मिलिमीटर भरला. बाहेरचा दाब त्याहून बराच वाढला आणि तसाच राहिला, की तिथलं रक्त अडतं. १९५९ साली मायकल कोसियाक यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की दाब जितका जास्त, तितका इजा व्हायला लागणारा वेळ कमी. ३२ हा आकडा काही लक्ष्मणरेषा नाही. पुढच्या संशोधनातून कळलं की हाडाखाली चेपल्या गेलेल्या पेशी नुसत्या आकार बिघडल्यामुळेही मरतात, रक्त अडण्याआधीच. पण बेडसोअर टाळायचा तर भार पसरायला हवा, हे सूत्र कायम आहे.

मुलांच्या बाबतीत या सूत्राला एक पेच आहे. भार पसरायचा तर अंग गादीत रुतायला हवं, आणि हलकं मूल रुततच नाही. ७० किलोच्या माणसाला मऊ वाटणारा फोम १७ किलोच्या पोरीला पाटासारखा लागतो. शिवाय लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड. मोठ्यांच्या जखमा कमरेखाली आणि टाचांना होतात, लहानग्यांच्या डोक्याच्या मागे. बहिणीला भाचीच्या मागच्या केसांत एक टक्कल पडलेला गोल चट्टा दिसत होता. आम्ही सगळे समजत होतो, पोर डोकं घासते. दाब तिथे पडतोय हे परळच्या एका फिजिओथेरपिस्टने पहिल्यांदा दाखवलं.

दुकानात 'फॉर्टी डेन्सिटी' हा शब्द हमखास कानावर पडतो. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. त्यावरून गादी किती टिकेल याचा अंदाज येतो. मऊ की कडक, हे वेगळं माप आहे. चाळीस डेन्सिटीचा फोम मऊही असतो आणि दगडासारखाही. 'ऑर्थोपेडिक' असं छापलेली कडक गादी तर अशा मुलासाठी बहुधा चुकीचीच. मेमरी फोम नासाच्या एम्स केंद्रासाठी १९६६ साली चार्ल्स योस्ट यांनी घडवला. तो अंगाच्या उबेने मऊ होऊन आकार घेतो, भार छान पसरतो. पण तो अंगाला वेढतो, ऊब धरून ठेवतो, आणि लालबागच्या मे महिन्यात, पंखा तीनवर असताना, त्यावर झोपलेलं मूल घामाने निथळतं. ओली त्वचा लवकर सोलवटते. दुसरं म्हणजे त्यात रुतलेल्या मुलाला जी काही थोडी हालचाल स्वतःची येत असते, तीही अडते. आमची भाची उजवा खांदा उचलून दोन इंच सरकते. ते दोन इंच तिचे स्वतःचे आहेत. ते काढून घेणारी गादी कितीही महाग असली तरी मला नको.

पंपाची हवेची गादी आलटूनपालटून फुगते. साधारण दहा मिनिटांच्या फेऱ्यात एक रांग फुगते, दुसरी बसते. मोठ्या माणसासाठी केलेल्या रुंद नळ्यांच्या मध्ये लहान मूल खोबणीत पडल्यासारखं पडतं. ताठरपणा असलेल्या काही मुलांना ती सततची हालचालही सोसत नाही. आणि वीज गेली की? १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबईची वीज कित्येक तास गेली होती. पंप असो वा रिमोटचा पलंग, वीज नसताना काय होईल हे दुकानात विचारून, करून बघून घ्यावं.

खोळीचा विचार कुणीच करत नाही. जाड रेक्झिन ताणलं जात नाही. त्यावर झोपलं की ते झोळीसारखं ताठ होतं आणि खालचा मऊ फोम वाया जातो. ताणली जाणारी, पाणी न झिरपणारी, पण वाफ बाहेर सोडणारी खोळ हवी. त्यावर एकच सैलसर चादर. आमच्या घरी यावरून थोडं वाजलंच. भाचीच्या आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली होती आणि तीच नातीच्या अंगाखाली हवी असा तिचा हट्ट. चार पदरी गोधडी, तिचे टाके, वर प्लास्टिक, वर दुपटं, म्हणजे गादी असून नसल्यासारखी. बहीण म्हणाली, "आई, अंगाखाली नको, अंगावर घालू या." आजीला ते पटलं.

पाठ उचलायची तर शरीर घसरतं, हे सगळ्यांनाच दिसतं. दिसत नाही ते आतलं: कातडी चादरीला चिकटून राहते, हाड आतून खाली सरकतं, आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणून चेपल्या जातात. ३० अंशांच्या वर हे वेगाने वाढतं. म्हणून आधी गुडघ्यांचं हँडल, मग पाठीचं, उतरवताना उलट. तीन भागांत दुमडणारा असा पलंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विलिस गॅच या अमेरिकी सर्जनने रूढ केला, पण तो मोठ्यांच्या मापाने. आमच्या पलंगाची पाठीची फळी ७८ सेंटिमीटर भरली, आणि भाचीचं डोक्यापासून खुब्यापर्यंतचं अंतर जेमतेम अर्धा मीटर. तिला वरच्या टोकाला झोपवलं की तिचं सगळं धड उतारावर, आणि ती घसरगुंडीवरून यावी तशी खाली. खुबा बिजागरीवर आणून ठेवला तेव्हा घसरणं थांबलं, पण गुडघ्याची घडी आता तिच्या पोटरीखाली येत होती. तिथे मांडीखाली वेगळी फोमची पाचर कापून घ्यावी लागली. पलंग निवडताना मुलाला सोबत नेता येत नसेल, तर तीन मापं तरी न्यावीत: डोकं ते खुबा, खुबा ते गुडघा, गुडघा ते टाच. आणि वर्षाखालच्या बाळाला हे काहीच लागू नाही. त्याने सपाट, टणक गादीवरच झोपावं. उतार द्यायचा तो डॉक्टरांनी सांगितला तरच.

झोपेत पाय एका बाजूला कलंडू नयेत म्हणून उशांचे साचे मिळतात. खुबा निखळण्याची भीती खरी आहे. ऑस्ट्रेलियातल्या २००६च्या अभ्यासात सेरेब्रल पाल्सीच्या सर्वांत गंभीर गटातल्या सुमारे ९० टक्के मुलांचा खुबा सरकलेला आढळला. पण रात्रीचे साचे तो थांबवतात का, याचा भक्कम पुरावा २०१५च्या कोक्रेन आढाव्याला मिळाला नाही. मूल त्यात शांत झोपत असेल तर वापरावेत, रडत असेल तर झोप मोडून वापरू नयेत, असं मला वाटतं.

जागेचा हिशेब कुणी करून देत नाही, तो आपणच करायचा. साडेसहा बाय तीनचा पलंग म्हणजे साडेएकोणीस चौरस फूट; एकशे वीस फुटांच्या खोलीचा जवळजवळ सहावा हिस्सा. शिवाय पायाकडे हँडल फिरवायला हात-दीड हात, आणि एका बाजूला आईला उभं राहायला जागा. हँडल आत दुमडणारं हवं, नाहीतर येता-जाता नडगी फुटते. उंची खालीवर होणारा पलंग महाग पडतो, पण पैसे कुठे घालायचे असं कुणी विचारलं तर मी रिमोटपेक्षा, मोटरपेक्षा त्यातच घाला म्हणेन. कपडे बदलताना तो आईच्या कमरेइतका वर, रात्री जमिनीलगत. आणि तो नाहीच परवडला, तर जमिनीवर चांगली गादी हा कमीपणा नाही. पडायची भीतीच नाही. तेव्हा आईला वाकून उचलावं लागू नये याची वेगळी सोय बघायची. एक बारीकसं सांगते: लालबागमध्ये राहत असाल तर सामान गणपतीच्या आधी आणा, त्या दहा दिवसांत टेम्पो दारापर्यंत येत नाही.

सल्ला फार लांब शोधावा लागत नाही, हे आमच्या भागाचं भाग्य. परळचं वाडिया बालरुग्णालय आणि केईएम चालत जाण्याच्या अंतरावर. हाजी अलीला १९५५ साली सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. तिच्यामागे फातिमा इस्माईल यांची धडपड होती, आणि त्या धडपडीची सुरुवात त्यांच्या पोलिओ झालेल्या मुलीपासून झाली होती. अशा ठिकाणच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला मुलाची मापं, खोलीचं रेखाटन आणि पलंगाचे मोबाइलवरचे फोटो दाखवावेत, पैसे देण्याआधी.

आमचा तो पलंग परत गेला नाही. दुकानदाराने घेतला नाही. भावोजींनी कठड्यांना आतून घट्ट जाळी ताणून बसवली, थेरपिस्टने ती ओढून, ढकलून तपासली. गादी बदलली: खाली टणक थर, वर मऊ, भाचीच्या वजनाला दबेल असा. वरची खोळ ताणली जाणारी. डोक्यामागचा चट्टा आता भरत आलाय, बारीक केस उगवलेत.

रात्री दोन वाजता बहीण अजूनही उठते. कूस बदलायच्या आधी ती तळहात उताणा करून भाचीच्या कमरेखाली, वरच्या मऊ थराच्या खाली सरकवते. हाताच्या वर इंचभर तरी फोम लागला पाहिजे. हाड हाताला टेकलं, तर तो थर बसला, बदलायचा. काल मी तिथेच झोपले होते. अंधारात तिने माझा हात धरला आणि तिथे नेऊन ठेवला. "बघ," म्हणाली, "फोम लागतोय ना?" लागत होता. वर भाचीचा उजवा खांदा हलला, आणि ती दोन इंच सरकली.