सनदा, शिरगणती आणि बायबलची पाने

अमेरिकेच्या आद्य वसाहतकारांची वंशावळ शोधणे म्हणजे मुख्यतः सरकारी आणि कचेरीतल्या कागदांचा माग काढणे. मॅसॅच्युसेट्स, व्हर्जिनिया, पेन्सिल्वेनिया या जुन्या वसाहतींतून निघालेली कुटुंबे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲपलेशियन डोंगर ओलांडून केंटकी, टेनेसी, ओहायोकडे सरकली. पुढच्या शंभर वर्षांत त्यांची मुले-नातवंडे आयोवा, कॅन्सस, नेब्रास्का करत पार ऑरेगनपर्यंत पोहोचली. एका पिढीचा जन्म एका राज्यात, लग्न दुसऱ्या राज्यात आणि मृत्यू तिसऱ्यात, असा हा प्रवास. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे असते तशी पिढ्यान्‌पिढ्यांची नामावळ या कुटुंबांसाठी कोणी ठेवली नव्हती. जे कागद उरले, ते जमीन, कर, सैन्य आणि वारसाहक्क यांच्या गरजेतून तयार झालेले. म्हणूनच कोणताही कागद हाती आला की तो कोणी, कधी आणि कशासाठी लिहिला हे आधी पाहावे लागते.

शोध नेहमी वर्तमानाकडून भूतकाळाकडे जातो. माहीत असलेल्या आजोबा-पणजोबांपासून सुरुवात करून प्रत्येक पिढी पुराव्याने मागच्या पिढीशी जोडायची. या कामाचा कणा म्हणजे दर दहा वर्षांनी होणारी जनगणना. पहिली राष्ट्रीय जनगणना १७९० मध्ये झाली. १८४० पर्यंतच्या यादीत साधारणपणे फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे. बाकीच्यांची गणती वयोगट आणि लिंगानुसार केवळ आकड्यांत केलेली असे. १८५० मध्ये प्रथमच प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय, व्यवसाय आणि जन्माचे राज्य लिहिले गेले. कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते मात्र १८८० पासून नोंदवले जाऊ लागले. त्यामुळे १८५० च्या यादीत एका घरात दिसणारी सगळी मुले त्या जोडप्याचीच आहेत असे गृहीत धरणे धोक्याचे असते. त्यांत पुतणे असतात, अनाथ भाचरे असतात, आधीच्या लग्नाची मुलेही असतात.

या मालिकेत एक मोठे खिंडार आहे. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधील वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली आणि १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद आगीत व पाण्यात खराब झाले. उरलेलेही पुढे नष्ट करण्यात आले. सहा कोटींहून अधिक लोकांच्या नोंदींपैकी आज जेमतेम सहा हजार नावे शिल्लक आहेत. हे खिंडार राज्यांच्या स्वतंत्र गणना, करयाद्या आणि शहरांच्या नामसूचींच्या आधारे बुजवावे लागते.

जमिनीचे कागद जनगणनेपेक्षाही बोलके ठरतात. १७८५ च्या अध्यादेशाने पश्चिमेकडील सरकारी जमिनीची चौकोनी मोजणी सुरू झाली. ३६ चौरस मैलांची एक टाउनशिप आणि तिचे ६४० एकरांचे ३६ विभाग, अशी ही रचना. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुखाला किंवा २१ वर्षांवरील व्यक्तीला १६० एकर जमीन जवळपास मोफत मिळू लागली. अट अशी, की पाच वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे आणि जमीन कसायची. अविवाहित स्त्रिया आणि विधवाही अर्ज करू शकत. या कायद्याखाली सुमारे १६ लाख सनदा दिल्या गेल्या. सनदेवर नाव आणि गटाचा तपशील एवढेच असते. खरी माहिती असते ती तिच्या मागच्या फाइलमध्ये. घर किती मोठे, किती एकर नांगरली, कुटुंबात माणसे किती, साक्षीदार कोण, हे सगळे तिथे सापडते. अर्जदार परदेशात जन्मलेला असेल तर नागरिकत्वाचे कागदही त्याच फाइलला जोडलेले असतात.

ऑरेगनमध्ये १८५० च्या कायद्याने याहून मोठी सवलत दिली. ठरलेल्या मुदतीपूर्वी आलेल्या अविवाहित पुरुषाला ३२० एकर आणि विवाहित जोडप्याला ६४० एकर मिळत, त्यातली निम्मी पत्नीच्या नावावर. साहजिकच अर्जात लग्नाची तारीख आणि ठिकाण द्यावे लागे. एरवी जुन्या कागदांत जिचे माहेरचे नावही सापडत नाही, त्या स्त्रीची नोंद इथे मिळते.

सैनिकी निवृत्तिवेतनाच्या फाइलींचेही तसेच. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांसाठी १८१८ आणि १८३२ मध्ये, तर विधवांसाठी १८३६ मध्ये व्यापक कायदे झाले. नवरा सैन्यात होता आणि त्याच्याशी आपले रीतसर लग्न झाले होते, हे विधवेला सिद्ध करावे लागे. त्या काळी अनेक ठिकाणी विवाहनोंदणीच नव्हती. घरातल्या बायबलच्या कोऱ्या पानांवर मात्र लग्ने, जन्म, मृत्यू हाताने लिहून ठेवायची पद्धत होती. म्हाताऱ्या बायकांनी ती पाने फाडून अर्जासोबत पाठवली आणि ती आजही राष्ट्रीय अभिलेखागारात त्या फाइलींमध्ये आहेत. अशा पानाची परीक्षा सोपी असते. बायबल छापल्याचे साल नोंदींच्या नंतरचे असेल किंवा साठ वर्षांच्या नोंदी एकाच हाताने, एकाच शाईत लिहिलेल्या असतील, तर त्या मागाहून आठवणीने लिहिल्या आहेत असे समजावे.

बाकीचा ऐवज काउंटीच्या न्यायालयात असतो. खरेदीखते, मृत्युपत्रे, इस्टेटीच्या याद्या, अज्ञान मुलांच्या पालकत्वाचे कागद तिथे मिळतात. जमीन विकताना पत्नीला आपला हक्क सोडून द्यावा लागे. त्या मजकुरातून तिचे नाव कळते. इथे अडचण असते ती बदलत्या सीमांची. आजचे केंटकी राज्य १७७६ मध्ये व्हर्जिनियाची एक काउंटी होते, १७८० मध्ये तिच्या तीन काउंट्या झाल्या आणि १७९२ मध्ये ते स्वतंत्र राज्य झाले. कुटुंब जागचे हलले नाही तरी त्याचे कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांत विखुरले. त्यातच दक्षिणेतील अनेक न्यायालये युद्धात किंवा आगीत जळाली. १७५२ पूर्वीच्या तारखांचा घोळ वेगळाच: इंग्रजी वसाहतींत तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे फेब्रुवारीतली तारीख आजच्या हिशेबाने पुढच्या सालात जाते.

कागद आणि आठवण यांतला फरक लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेच्या कुटुंबाच्या उदाहरणातून नेमका कळतो. कॅन्ससमधील बालपणावरच्या तिच्या १९३५ च्या पुस्तकात घर इंडिपेन्डन्स गावापासून ४० मैलांवर आहे आणि धाकटी बहीण कॅरी तान्ही असताना सोबत आलेली आहे. १८७० च्या जनगणनेत मात्र हे कुटुंब माँटगोमेरी काउंटीतील रटलँड टाउनशिपमध्ये, गावापासून सुमारे १३ मैलांवर सापडते. कॅरीचा जन्म तिथेच ऑगस्ट १८७० मध्ये झाला आणि लॉरा तेव्हा अवघी तीन वर्षांची होती. त्या जमिनीचा होमस्टेड अर्ज मात्र सापडत नाही, कारण जमीन ओसेज या मूलनिवासी लोकांची होती आणि तिथे घुसलेल्या वसाहतकारांना मालकी मिळण्यासारखी नव्हती. वडील चार्ल्स इंगल्स यांची होमस्टेड फाइल आहे ती पुढच्या, डाकोटातील डी स्मेटजवळच्या जमिनीची. कागद न सापडणे हीसुद्धा इथे एक माहिती ठरते.

या नोंदींनी सगळ्यांना सारखे वागवलेले नाही. वसाहतकारांसोबत पश्चिमेकडे नेलेल्या गुलामांची १८५० आणि १८६० मध्ये वेगळी यादी झाली. तीत मालकाचे नाव आहे, गुलामांचे फक्त वय, लिंग आणि वर्ण. बहुतेकांची नावे राष्ट्रीय जनगणनेत प्रथम उमटली ती १८७० मध्ये. त्याआधीचा माग मालकाच्या मृत्युपत्रांतून आणि विक्रीच्या कागदांतून काढावा लागतो.

वंशावळीच्या हौसेचा बाजारही झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव्ह आंजू नावाच्या व्यावसायिकाने श्रीमंत घराण्यांना खोट्या पुराव्यांनी सजवलेल्या वंशावळी विकल्या आणि त्यांतल्या चुका पुढे अनेक पुस्तकांत उतरल्या. अशा प्रकारांमुळेच आज अमेरिकेतील वंशावळतज्ज्ञ पाच कसोट्या मानतात: शक्य तितका सर्वांगीण शोध, प्रत्येक विधानाचा आधार, पुराव्यांची तुलना, विसंगतीचा निकाल आणि निष्कर्षाची लेखी मांडणी. सारख्याच नावाची दोन माणसे एका काउंटीत असतील तर शेजारी, साक्षीदार आणि सोबत स्थलांतर केलेली कुटुंबे पाहून ती वेगळी करतात.

आज यातले पुष्कळ साहित्य घरबसल्या पाहता येते. सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन पंथीयांनी १८९४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचा संग्रह फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत आहे आणि लाखो सरकारी जमीन सनदाही खुल्या झाल्या आहेत. जनगणनेचे मूळ तक्ते मात्र ७२ वर्षे गोपनीय राहतात. १९५० चे तक्ते १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले. १९६० च्या तक्त्यांसाठी २०३२ पर्यंत थांबावे लागेल.