आजोबांचं घड्याळ चकचकीत? मग गडबड आहे!

लग्नात जावयाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ देण्याचा एक जमाना होता. खान्देशातल्या घराघरांत त्यातली सायकल भंगारात गेली, रेडिओ माळ्यावर चढला, पण घड्याळ कपाटाच्या लॉकरमध्ये टिकून राहिलं. आता त्याच चावीच्या घड्याळांना शौकीन गिऱ्हाईक मिळू लागलंय. भाव आला की नक्कलही आलीच! जळगावच्या बाजारात सौदा करा नाहीतर धुळ्यात, खिशात हात घालण्याआधी या गमती वाचा.

पैसे चेहऱ्याचे

जुन्या घड्याळाची किंमत बरीचशी डायलवर ठरते. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याचं रोलेक्स डेटोना 26 ऑक्टोबर 2017 रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरला गेलं. तेव्हाच्या दराने साधारण 115 कोटी रुपये! मालक मोठा होताच, पण या प्रकारच्या सगळ्याच डेटोनांचा भाव त्यांच्या वेगळ्या धाटणीच्या डायलमुळे चढा आहे. साधी डायल असलेल्या त्याच मॉडेलला तेवढे पैसे मिळत नाहीत. गंमत म्हणजे दुकानात नवी असताना या डायलला फारसं कुणी विचारत नव्हतं.

मुंबईने नाव काढलं, पण कसं!

जगभरचे घड्याळशौकीन एका खास मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. हे कौतुक नव्हे, सावधगिरीचा इशारा आहे. एकाची बॉडी, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याचे काटे आणि वरून ताजी रंगवलेली डायल, अशी ही खिचडी. पोपटी, केशरी, जांभळा, कंपनीने कधी न काढलेले रंगही यात हमखास सापडतात.

हे इथेच का फोफावलं? एक तर मुंबई हा स्विस घड्याळांचा जुना अड्डा. फेव्हर ल्यूबा ही घड्याळ कंपनी 1865 मध्ये भारतात आली आणि वेस्ट एंड वॉच कंपनीची मुळंही एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतच. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, सुटे भाग मिळेनासे झाले. कारागिरांनी मिळेल त्यातून घड्याळं चालती ठेवली. त्यांचं कसब अस्सल होतं. गिऱ्हाइकालाही डायल नवीकोरी दिसायला हवी होती, त्यामुळे रंगवून देणं ही तेव्हा सेवा होती. तीच वस्तू ‘ओरिजिनल’ म्हणून विकली की मात्र फसवणूक.

राजवाडे असते तर?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात देह ठेवला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. जुना कागद अस्सल की बनावट हे ठरवताना अभ्यासक कागद, शाई, अक्षराचं वळण आणि मजकूर एकाच काळातले आहेत का, ते ताडून बघतात. घड्याळालाही हाच न्याय लावायचा. डायल, काटे, बॉडी, चावी आणि मशीन यांचं वय जुळतंय का? बॉडी ओरखड्यांनी भरलेली, काटे काळवंडलेले आणि डायल मात्र काल छापल्यासारखी, असं असेल तर एक जण नक्की खोटं बोलतोय.

भिंगाखाली पितळ उघडं

दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावा. कंपनीची छपाई कोरीव पत्र्यावरची शाई मऊ गादीने उचलून डायलवर टेकवून व्हायची. पूर्वी ही गादी जिलेटिनची असे. त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार आणि शाईचा थर सारखा. हाताने रंगवलेल्या डायलवर अक्षरं पसरतात, इंग्रजी ‘ई’च्या तीन रेघा जाडबारीक होतात, ओळ तिरकी जाते. मिनिटांच्या रेघा काट्यांच्या टोकाशी जुळत नाहीत.

सेकंदाचं छोटं वर्तुळ सहाच्या जागी असेल तर तिथे आधी बघा. रंगवणाऱ्याचा हात तिथेच अडखळतो. कधी वर्तुळ थोडं सरकलेलं असतं, तर कधी आकडा त्याच्यावर चढलेला असतो.

आणखी एक बारकावा. काही जुन्या काळ्या डायलवरची सोनेरी अक्षरं शाईची नसतातच. काळ्या थराखालचं पितळ तेवढ्या जागी उघडं ठेवलेलं असतं, म्हणजे अक्षर पृष्ठभागापेक्षा किंचित खाली. सोनेरी शाईने गिरवलेलं अक्षर मात्र वर उठून दिसतं.

अंधारात लखलखलं? ठेवा खाली!

‘साठ वर्षं जुनं आहे, तरी रात्री कसं चमकतं बघा!’ विक्रेता असं म्हणाला की समजा, त्याने स्वतःच कबुली दिली.

साठच्या दशकापर्यंत आकडे चमकवायला रेडियमचा रंग वापरत. रेडियमला अर्धं व्हायला सुमारे 1600 वर्षं लागतात, मग चमक का जाते? कारण प्रकाश देणारं झिंक सल्फाइड त्या किरणांच्या माऱ्याने काही वर्षांतच निकामी होतं. चमक संपते, किरणं चालूच राहतात. म्हणून असं घड्याळ घरी उघडून तो रंग खरवडू नका. त्याची पूड श्वासातून आत जाणं घातक आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी 1917 पासून तरुण मुली असे आकडे रंगवत. टोक बारीक व्हावं म्हणून त्या कुंचला ओठांत धरायच्या. त्यातल्या कितीतरी जणी जबड्याच्या आणि हाडांच्या रोगांनी गेल्या.

पुढे रेडियमच्या जागी ट्रिशियम आलं. त्याची ताकद दर 12.3 वर्षांनी निम्मी होते, म्हणजे साठ वर्षांनी जेमतेम तीन-चार टक्के उरते. अशा स्विस डायलच्या तळाशी, सहाच्या खाली, ‘स्विस’ या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना बारीक ‘टी’ दिसतो.

नोटा तपासायची जांभळ्या प्रकाशाची बॅटरी घरी असेल तर डायलवर मारा आणि विझवा. जुना रंग लगेच मावळतो, नवा बराच वेळ चमकत राहतो. आकडे आणि काटे वेगवेगळे वागले तर काटे बदललेले असण्याची शक्यता मोठी.

जनता झाली पायलट

आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडणारं घड्याळ एचएमटीचं. जपानच्या सिटिझनच्या मदतीने 1961 मध्ये बेंगळुरूला कारखाना सुरू झाला आणि ‘देश की धड़कन’ मनगटामनगटांवर टिकटिकू लागली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावं मास्तरांपासून तलाठ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होती. घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला आणि आठवणींना भाव फुटला.

सगळ्यात जास्त उड्या काळ्या डायलच्या, ठळक पांढऱ्या आकड्यांच्या पायलटवर. जनता आणि पायलट यांच्यात एकाच घराण्याचं चावीचं मशीन बसतं. त्यामुळे साध्या जनताची डायल काढायची, नवी छापलेली पायलटची बसवायची, की झाली पदोन्नती! लाल, हिरवे, निळे पायलट बघून तर आणखीच सावध व्हा.

सिकोचा जन्मदाखला

जुन्या सिकोच्या मागच्या झाकणावर सहाआकडी नंबर असतो. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला ‘एन’, डिसेंबरला ‘डी’. दशक तेवढं मॉडेलवरून ओळखायचं. झाकणावर मशीनचा चारआकडी नंबरही असतो आणि तोच डायलच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला सापडतो. दोन्ही जुळले नाहीत किंवा डायलवर नंबरच नसला, तर पुढचं बोलणं भावाचं नाही, रामरामाचं.

उन्हाची करामत

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो आणि जीव नकोसा होतो. ऊन, दमट हवा आणि वर्षं मिळून काही काळ्या डायल हळूहळू तपकिरी होतात. अशा डायलला शौकीन ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि रंग एकसारखा उतरला असेल तर जास्त पैसे मोजतात. पाणी शिरून पडलेले डाग, फुगलेले पोपडे आणि गंज यांना मात्र हा मान नाही. तो नुसता बिघाड.

डायललाही पाय असतात

डायलच्या पाठीला बहुधा तांब्याच्या दोन बारीक खुंट्या असतात. त्या मशीनमधल्या ठरलेल्या भोकांतच बसतात. परक्या मशीनवर डायल बसवायची तर खुंट्या कापून डिंक किंवा चिकट गोळी लावावी लागते. घड्याळ उघडून दाखवायला सांगा. पाय कापलेले दिसले तर डायल पाहुणी आहे.

सराफ बाजारात नेऊ नका

जळगावचं सोनं नावाजलेलं, म्हणून सोनेरी घड्याळ कसोटीवर घासायला जाऊ नका. मागे ‘20 मायक्रॉन’ लिहिलं असेल तर तो सोन्याच्या मुलाम्याचा थर आहे, मिलिमीटरचा फक्त पन्नासावा भाग! दोन-तीनदा पॉलिश केलं की कोपऱ्यांतून पितळ डोकावतं. ‘17 ज्वेल्स’ वाचून माणकांची स्वप्नंही नकोत. ती कृत्रिम माणकं आहेत. व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये कृती जाहीर केल्यापासून ती स्वस्तात बनतात. चाकांच्या आसाची झीज कमी करणं, एवढंच त्यांचं काम.

घड्याळवाल्याला काय सांगाल?

‘चमकवून द्या’ हे दोन शब्द गिळून टाका. सांगा, ‘मशीन साफ करा, तेलपाणी करा, डायलला हात लावू नका. आणि जे काढाल ते पुडीत बांधून परत द्या.’ काटा बदलला, चावी बदलली तरी जुनी पुडीत असेल तर पुन्हा बसवता येते. रंगवायला डायल खरवडली की कंपनीची छपाई कायमची गेली. ती कोणत्याच पुडीत परत मिळत नाही.