अख्खा भोपळा, भोपळ्याची भिशी

धम्मचक्र प्रवर्तन दिन होतो, पाठोपाठ मुलांच्या दिवाळीच्या सुट्ट्या संपतात, आणि नेमका तेव्हाच घरातला पैसा सरलेला असतो. प्रवास झालेला, पाहुणे येऊन गेलेले. बाजारात मात्र याच दिवसांत लाल भोपळ्यांचे ढीग दिसतात. कुणी त्याला डांगर म्हणतं, कुणी गंगाफळ, विदर्भात कोहळं. आपण बहुतेक जण पावशेर-अर्धा किलोची फोड घेऊन येतो. ती किलोमागे महाग पडते, तिच्यावर दिवसभर धूळ आणि माश्या बसलेल्या असतात. आमचं सांगणं एवढंच, की भोपळा अख्खा घ्या.

अख्ख्या भोपळ्याला फ्रीज लागत नाही. त्याची जाड साल हेच त्याचं झाकण. नीट पिकलेला भोपळा कोरड्या, हवेशीर जागी महिना-दोन महिने सहज राहतो. मात्र निवडून घ्यावा लागतो. साल कडक हवी, नख रुतता कामा नये. देठ जागेवर आणि सुकलेला हवा. देठ तुटला की तिथूनच कुज आत शिरते. घरी आणल्यावर धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. उघड्या फरशीवर ठेवला तर खालून ओल धरतो, म्हणून फळी किंवा गोणपाट घाला. चुलीपासून लांब ठेवा, एकावर एक रचू नका. आठवड्यातून एकदा उचलून खालची बाजू दाबून बघा. मऊ लागली तर त्याचा नंबर आधी.

खरी अडचण कापल्यावर येते. चार-पाच किलोचा भोपळा एकदा चिरला की एका घराला संपत नाही, आणि फ्रीज नसेल तर दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो. यावर उपाय आपल्या वस्तीतच आहे. चार घरांनी मिळून चार भोपळे घ्यायचे, प्रत्येकाने एक सांभाळायचा. या आठवड्यात एका घरचा कापायचा आणि चौघांनी वाटून घ्यायचा, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घरचा. पैशांची भिशी आपल्या बायका बिनचूक चालवतात, भोपळ्याची का नाही चालणार?

कापल्याबरोबर एक छोटा तुकडा कच्चा चाखा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा भोपळा टाकून द्या. कडूपणा शिजवून जात नाही, आणि त्याने जोरदार उलट्या-जुलाब होतात. पैसे गेले म्हणून हळहळ वाटेल, पण मुलांच्या ताटात तो जाऊ देऊ नका.

गर जितका गडद केशरी, तितकं त्यात अ जीवनसत्त्व तयार करणारं द्रव्य जास्त. ते अंगी लागायला थोडं तेल लागतं, म्हणून नुसता उकडून न देता फोडणी द्या. मेथीदाण्याची फोडणी घातलेली भाजी, दही आणि दाण्याचं कूट घालून भरीत, किसून थालीपीठ. घारगे मुलांना आवडतात, पण ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी गूळ घातलेले प्रकार सोडून भाजीच खावी. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरणभातात मऊ शिजवलेला गर कालवून चमचाभर तेल-तूप घालून भरवता येतो. दात पडलेल्या म्हाताऱ्या माणसांनाही तो सोसतो. मात्र भोपळा खाऊ घालतो म्हणून अंगणवाडीतला अ जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नका. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, असे एकूण 9 डोस असतात. मूल अंधार पडताच चाचपडू लागलं तर थेट दवाखाना गाठा.

बिया केरात टाकू नका. धुऊन, मिठाच्या पाण्यातून काढून दोन दिवस उन्हात वाळवा, मग मंद आचेवर भाजा. लसूण, सुकी मिरची आणि मीठ घालून कुटलेली त्यांची चटणी भाकरीबरोबर झकास लागते. लहान मुलांना अख्ख्या बिया देऊ नका, घशात अडकतात.

उरलेल्या भोपळ्याचं वाळवण करावं. वाळवणं आपल्याकडे नवं नाही, मांसाच्या चान्या वाळवून ठेवणाऱ्या आज्या अनेकांना आठवत असतील. भोपळ्याच्या पातळ चकत्या करा, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं घालून काढा, निथळू द्या. मग स्वच्छ कापडावर पसरून वर जुनी पातळ साडी झाका. माश्या बसत नाहीत आणि कडक उन्हाने जीवनसत्त्वही कमी उडतं. पत्र्यावर थेट पसरू नका. लोखंडी पत्र्याचा गंज लागतो, आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. या दिवसांत दव पडतं, म्हणून संध्याकाळी आत घ्या. तीन-चार दिवसांनी चकती कटकन मोडली की झालं. कोरड्या डब्यात भरा आणि आठवडाभर रोज उघडून बघा. झाकणाला आतून घाम दिसला तर परत ऊन द्या. पावसाळ्यात भाजी महागते तेव्हा गरम पाण्यात भिजवून आमटीत सोडा.

एक गोष्ट मात्र करू नका. शिजवलेला गर बाटलीत गच्च भरून, वर तेल ओतून, झाकण लावून महिनोन्‌महिने ठेवायचा नाही. भोपळा आंबट नसतो. हवा नसलेल्या बंद बाटलीत त्यात असे जंतू वाढू शकतात, की त्यांचं विष ना वासाला कळतं ना चवीला, आणि ते माणसाचा श्वास थांबवू शकतं. घरात उकळून हे जंतू पुरते मरत नाहीत. शिजवलेलं त्याच दिवशी संपवा. कुणाकडे फ्रीज असेल तर तीन दिवसांत.