‘चक्क’ला इंग्रजीत काय म्हणाल?

तिसरी भाषा म्हणून हिंदी कुठल्या इयत्तेपासून, यावरून महाराष्ट्रात रान पेटलं आणि २९ जून २०२५ला सरकारने हिंदीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. २००० सालापासून पहिलीच्या वर्गात असलेली इंग्रजी आपण शिकवतो कशी, हे मात्र त्या गदारोळात कुणी विचारलं नाही. पुण्यात बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकात जाऊन दहावीचं गाइड चाळा. ‘बट’चं वाक्य ‘ऑलदो’ वापरून लिहा, ‘ऑलदो’चं ‘इन स्पाइट ऑफ’ने लिहा, अर्थ एकच, मार्क पक्के. अर्थ एकच नसतो, तिथेच घोळ आहे. ‘ऑलदो’ ऐकणाऱ्याला आधीच सावध करतं, की पुढे तुमच्या अंदाजाला धक्का आहे. ‘बट’ तो धक्का ऐनवेळी देतं. शिवाय मराठीत ‘जरी’मागून ‘तरी’ येतंच, म्हणून आपली मुलं ‘ऑलदो’नंतर इमानाने ‘बट’ही लिहितात. त्याखाली लाल रेघ पडते. इंग्रजीला त्या जोडीतला एकच शब्द चालतो, एवढं साधं कारणही पुष्कळदा सांगितलं जात नाही.

खरी गंमत ‘अ‍ॅक्चुअली’ची. त्याच्यापुढे ‘खरं तर’ लिहून आपण मोकळे होतो. पण ‘द बस अ‍ॅक्चुअली केम ऑन टाइम’चं मराठी ‘बस खरं तर वेळेवर आली’ नव्हे. ‘बस चक्क वेळेवर आली’. ती येणार नाही हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, हा खवचटपणा त्या ‘चक्क’मध्ये आहे. ‘इट रेन्ड आफ्टर ऑल’ म्हणजे ‘शेवटी पाऊस आलाच’. इथे सगळं वजन ‘शेवटी’वर नाही, ‘च’वर आहे. शब्दार्थांच्या रकान्यात हा ‘च’ कुठे मावणार?

परीक्षेपुरती रूपं आली तरी पुष्कळ, घरात इंग्रजीचा गंध नसलेल्या मुलांवर बारकाव्यांचं ओझं कशाला, असं कुणी म्हणेल. १८४८मध्ये ज्या बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, तिथे तरी हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. पण ‘चक्क’ आणि ‘च’ त्या मुलांना शाळेत पाऊल टाकण्याआधीपासून येतात, तेही क्लासची फी न भरता. ओझं होतं ते न कळता पाठ केलेल्या यादीचं. गाइडवाल्यांनी पुढच्या आवृत्तीत ‘अ‍ॅक्चुअली’पुढे ‘चक्क’ छापून तर पाहावं.