गिधाडांचे वजन कुणी घेतले होते?

धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेले लहान मूल तपासताना मी आजच्या वजनापेक्षा वजनाचा आलेख जास्त वेळ पाहतो. दोन वर्षांच्या मुलाला जुलाब झाले आणि वजन थोडे उतरले, तर लगेच घाबरण्यासारखे नसते. उतरलेले वजन किती दिवसांत भरून आले, हे महत्त्वाचे. पहिल्या आजारानंतर दोन आठवड्यांत भरले, दुसऱ्यानंतर महिना लागला, तिसऱ्यानंतर भरलेच नाही, असे दिसले की काळजी वाढते. आई म्हणते, "साहेब, पोरगा तर खेळतोय." खेळत असतोच. पण सावरायला लागणारा वेळ वाढत चालला आहे, आणि पुढचा साधा ताप त्याला झेपेलच असे नाही.

एखाद्या प्राण्याची संख्या कोसळण्याआधी काही इशारा मिळतो का, हे शोधणारे गणितज्ञ नेमके हेच पाहतात. नेदरलँड्सचे मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'नेचर'मध्ये ही कल्पना मांडली. तलाव असो, माशांचा थवा असो की हरणांचा कळप, कडेलोटाच्या जवळ आलेली कोणतीही व्यवस्था छोट्या धक्क्यातून सावरायला जास्त वेळ घेऊ लागते. दरवर्षीच्या मोजणीत हे दोन प्रकारे उमटते. चढउतार मोठे होतात, आणि एक वाईट वर्ष पुढच्या वर्षावर आपली सावली टाकू लागते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील ड्रेक आणि ग्रिफेन यांनी पाणपिसवांवर प्रयोग केला. त्यांचे अन्न हळूहळू कमी केले, तेव्हा संख्या टिकेनाशी होण्याच्या सुमारे आठ पिढ्या आधी आकड्यांत हा इशारा दिसला. देवमाशांच्या शिकारीच्या जुन्या नोंदी २०१७ मध्ये अशाच तपासल्या गेल्या. पकडलेल्या देवमाशांची सरासरी लांबी घटत चालली होती, आणि संख्या कोसळण्याच्या काही दशके आधीच धोक्याच्या खुणा त्या नोंदींत होत्या.

या सगळ्याला एक अट आहे: आलेख असायला हवा. भारतातल्या गिधाडांचा तो नव्हता.

मी शाळेत असताना तापीकाठी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की तासाभरात आभाळातून गिधाडे उतरत. इतकी की मोजायचे कुणाच्या मनातही येत नसे. कावळे कोण मोजतो? शिकारी पक्ष्यांची देशभर रस्त्यांवरून मोजणी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९९१ ते १९९३ या काळात केली. गिधाडांसाठी तीच पाहणी पुन्हा झाली ती २००० मध्ये. पुढे २००७ पर्यंतचे आकडे जोडले, तेव्हा पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के आणि लांब चोचीची सुमारे ९७ टक्के घटलेली निघाली. मधल्या काळात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांना घरटी ओस पडताना आणि पक्षी मान टाकून झाडावर बसलेले दिसत होते, म्हणून तरी आरडाओरड झाली. एरवी आठ वर्षांनी मुलाला वजनकाट्यावर ठेवल्यासारखेच झाले असते.

कारण २००४ मध्ये सापडले, आणि ते माझ्या टेबलावरचे औषध होते. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांच्या आतड्या-यकृतावर युरिक ॲसिडचा पांढरा थर होता. मूत्रपिंडे निकामी झाली होती. दुखण्यावरचे डायक्लोफेनॅक दिलेले जनावर मेले आणि ते गिधाडांनी खाल्ले की दोन-चार दिवसांत पक्षी जात असे. दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडलेली माणसे आम्ही डॉक्टर नेहमी पाहतो. गिधाडाला त्यासाठी एक जेवण पुरत होते.

पण इतक्या मोठ्या देशात किती जनावरांना शेवटच्या दिवसांत ते इंजेक्शन मिळत असेल? तेवढ्याने सगळी गिधाडे कशी मरतील? ही शंका रास्त होती, आणि तिचे उत्तर गणिताने दिले. गिधाड साधारण तीन दिवसांतून एकदा पोटभर खाते, म्हणजे वर्षाला सुमारे १२० जेवणे. दोनशे मेलेल्या जनावरांत एकच विषारी असे धरा. एका जेवणातून वाचण्याची शक्यता ९९.५ टक्के, ऐकायला उत्तम. पण ती १२० वेळा आपल्या आपल्याशी गुणा. उत्तर येते ५५ टक्के. शंभरातली ४५ गिधाडे वर्षात संपली. जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाच वर्षे लागतात, मग भर कुठून निघणार? ब्रिटनचे ऱ्हिस ग्रीन यांनी सविस्तर प्रारूप मांडून दाखवले, की ७६० पासून १३० पर्यंत जनावरांमागे एक विषारी असले तरी प्रत्यक्षात दिसलेली घट होऊ शकते. पुढे देशभरातील मृत जनावरांच्या यकृतांचे नमुने तपासले, तर दहातल्या एकात औषध सापडले.

इथे एक कबूल केले पाहिजे. सावरण्याचा वेग मंदावणे ही खूण हळूहळू खालावणाऱ्या रोग्यात दिसते. विषबाधेच्या रोग्यात ती शोधत बसलात तर रोगी हातचा जातो. गिधाडांना दरीत ढकलले गेले, त्यामुळे दरवर्षी मोजणी असती तरी शेफर यांची खूण ठळक दिसली असती असे मला वाटत नाही. मात्र ओळीने दोन वर्षे निम्मी होत गेलेली संख्या कुणालाही दिसली असती. त्यासाठी गणितज्ञही लागला नसता.

याचे बिल माणसांनीही भरले. मेलेली ढोरे कुजत राहिली, भटकी कुत्री वाढली. फ्रँक आणि सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये अंदाज मांडला, की २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले. हा संख्याशास्त्रीय अंदाज आहे, मृत्यूच्या दाखल्यांची बेरीज नव्हे. तरीही कुत्रा चावल्यावर मिरची-चुना लावून चार दिवसांनी येणारे रोगी पाहिले की मला तो आकडा उडवून लावता येत नाही. (जखम आधी साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या, हे जाता जाता.)

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता. आमच्या जिल्ह्यात सगळे कोंबड्या मोजत होते, गिधाडांची बातमी कुणी वाचली नसावी. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली तीन मिलीचीच असावी असा नियम झाला. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित ठरले आहे आणि गुरांच्या दुखण्यावर ते चालते. तरी अजूनही कुणी बैलासाठी म्हणून "तेच इंजेक्शन" मागतो. मी त्याला पशुवैद्यकाकडे पाठवतो आणि मेलॉक्सिकॅम हे नाव चिठ्ठीवर लिहून देतो.

हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ मध्ये विदर्भात पेंच आणि ताडोबात आणली गेली, पाठीवर ट्रान्समीटर लावून. सोडल्यावर ते पक्षी कुठे गेले, किती उडाले, याची नोंद त्यामुळे ठेवता आली. सातपुड्यात तोरणमाळच्या कड्यांवर कुणाला गिधाड दिसले, तर तारीख, जागा आणि संख्या वनखात्याला कळवा. एकही दिसले नाही, तर तेही.