राणीछाप रुपया मोडीत घालण्यापूर्वी

आजीच्या गाठोड्यातला बंदा रुपया सराफाच्या मुशीत जाण्याआधी नीट पाहा. राणीच्या मुखवट्याशेजारी १८७६ पर्यंत ‘क्वीन’, तर १८७७ पासून ‘एम्प्रेस’ अशी इंग्रजी अक्षरे आहेत. कारण १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले. हा रुपया एक तोळ्याचा. असे ८० म्हणजे एक शेर! बारा भागांत अकरा भाग चांदी; १९४० मध्ये ती निम्म्यावर आली.

असे नाणे राख-चिंचेने घासू नका. अक्षरे झिजतात, मोल उतरते.

नांगराला जुना ठेवा लागला तर? दहा रुपयांहून अधिक मोलाचा असल्यास १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सापडवणाऱ्याचा वाटाही कायद्यात ठरलेला आहे. तेव्हा लपवू नका.