हिमनदीची चाल

नदी म्हटली कीं ती वाहावयाचीच, हें लहान मुलासहि सांगावें लागत नाहीं. परंतु पर्वताच्या दरींत शेंकडों फूट जाडीचें बर्फ पडून असतें, तेंहि वाहतें हें कितीजणांस खरें वाटेल? आल्प्सच्या पायथ्याच्या लोकांस तें पूर्वापार ठाऊक होतें. मात्र तें किती चालतें व कां चालतें, हें सांगण्यास मोजमाप हवें होतें.

१८२७ सालीं हूगी नांवाच्या स्विस शास्त्रज्ञानें उंटरआर हिमनदीवर एक खोपट बांधलें. १८४१ पर्यंत तें मूळ जागेपासून साडेचार हजार फुटांहून अधिक खालीं गेलें होतें. घर जागचें हललें नाहीं आणि पत्ता मात्र बदलला!

त्या काळीं दोन मतें प्रचलित होतीं. एक असें कीं, बर्फाची सबंध लादी तळावरून घसरते. दुसरें असें कीं, भेगांत शिरलेलें पाणी रात्रीं गोठून फुगतें व बर्फास पुढें रेटतें. लुई आगासी हा दुसऱ्या मताचा. हिमनदीवरील एका प्रचंड शिळेच्या आडोशास बिऱ्हाड करून त्यानें संशोधन चालविलें व नदीच्या आरपार सरळ रांगेंत खुंटे रोविले. पुढें पाहतो तों रांग धनुष्यासारखी वांकलेली. मधले खुंटे पुढें गेलेले, कांठचे मागें रेंगाळलेले. अखंड लादी अशी चालणार नाहीं. काकवीचें भांडें कलतें केल्यास मधली धार पुढें धांवते व कडेची चिकटून राहते, तसाच हा प्रकार.

एडिंबरोचे प्राध्यापक जेम्स फोर्ब्ज ह्यांनीं १८४२ च्या उन्हाळ्यांत शामोनीजवळील मेर द ग्लास हिमनदीवर थिओडोलाइट लावला. बर्फ दिवसाकांठीं १५ ते १७ इंच सरके, आणि रात्रींहि थांबत नसे. पुढें हिंवाळ्यांतील मोजणी ऑग्युस्त बालमा ह्या शामोनीच्या वाटाड्यानें करून पाठविली. भर थंडींतहि चाल मंदावली, पण बंद पडली नाहीं. गोठून फुगण्याचें मत तेथेंच लंगडें पडलें. शोधाचें श्रेय वांटतांना असल्या माणसांची आठवण सहसा होत नाहीं, म्हणून नांव मुद्दाम दिलें.

आतां ह्या गणिताची परीक्षा कशी झाली तें पाहा. १८२० सालीं डॉक्टर हामेल ह्यांची मंडळी मों ब्लां शिखर चढत असतां हिमकडा कोसळला व तिघे वाटाडे भेगेंत गडप झाले. शव बाहेर काढणें अशक्य होतें. हिमनदीचा वेग हिशेबांत धरून फोर्ब्ज ह्यांनीं सांगितलें कीं, अपघातापासून सुमारें ४० वर्षांनीं ते अवशेष खालीं निघतील. १८६१ सालीं बोसों हिमनदीच्या टोकाशीं हाडें आणि कपड्यांच्या चिंध्या बाहेर येऊं लागल्या! त्या दिवशीं दैवयोगानें वांचलेला एक सोबती म्हातारा होऊन अद्याप हयात होता. ४१ वर्षें बर्फांत राहिलेला आपल्या मित्राचा हात त्यानें ओळखला.

घट्ट बर्फ काकवीसारखें कां वागतें, ह्याचा उलगडा होण्यास आणखी शतक जावें लागलें. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत जॉन ग्लेन ह्यांनीं प्रयोगशाळेंत दाखविलें कीं, बर्फावरील ताण दुप्पट केल्यास तें सुमारें आठपट वेगानें विरूप होतें. जाड हिमनदी पातळीहून चपळ कां, ह्याचें एक मोठें कारण हेंच.

एव्हांना मूळ प्रश्नहि पालटला होता. बर्फ किती चालतें ह्यापेक्षां किती उरतें, इकडे लक्ष वळलें. १८९४ सालीं झुरिक येथें आंतरराष्ट्रीय हिमनदी-समिति स्थापन झाली. १९०६ सालीं भारतीय भूगर्भ-सर्वेक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांनीं कुमाऊं, लाहौल व काश्मीर येथील कांहीं हिमनद्यांच्या मुखांची पाहणी केली.

लाहौलांतील छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून बर्फांत खोल छिद्रें पाडून बांबू रोवितात. उन्हाळा सरतां बांबूचा किती भाग उघडा पडला तें मोजलें कीं तेथील वितळ समजते. वरच्या अंगास पडलेल्या नव्या हिमाशीं तिचा मेळ घालावयाचा. बहुतेक वर्षीं हा जमाखर्च तुटीचाच निघाला आहे. खालच्या भागांत तर बर्फ इतकें झिजतें कीं, बांबू कोलमडण्यापूर्वीं नवें छिद्र पाडून तो पुन्हा रोवावा लागतो.